वज्रशिळेचं वजन

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. निरवांगीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, ऊस तुटून गेलेल्या एका रानात शिळाबाबांचा दरबार भरला होता आणि ट्रॉल्या भरभरून माणसं येत होती. कुणाच्या हातात ईसीजीचे कागद, कुणाच्या हातात अँजिओग्राफीची सीडी, कुणाच्या हातात नुसताच नारळ. समोर चौथरा, चौथऱ्यावर शेंदूर फासलेली काळीकुळकुळीत, घागरीपेक्षा मोठी शिळा, आणि शिळेशेजारी स्वतः बाबा, हातात माईक घेऊन.

"डॉक्टर काय म्हनतो?" बाबा गरजले. "म्हनतो, तुझा पंप बिघडला! अरं, पंप विहिरीवर असतो! मानसाच्या छातीत भगवंत असतो! भगवंताला कुनी गोळ्या चारतं का?"

"न्हाय!" मांडव एका आवाजात ओरडला.

"ही वज्रशिळा! काट्यावर शंभर किलो, पाप्याला हजार किलो, आन् भक्ताला? नुसता फुलांचा हार! हाय का कुनी तालमीतला वाघ?"

इंदापूरच्या जिममधला यशराज बाह्या सरसावत वर चढला. गडी असा की दंडाला शर्ट पुरत नव्हता. त्यानं शिळेला मिठी मारली, ओढली, मानेच्या शिरा तटतटल्या. शिळा तसूभर हलली नाही. कोपऱ्यातला पेटीवाला पेटी वाजवतच राहिला आणि यशराज मान खाली घालून उतरला. मग बाबांनी म्हस्कूला पुढे बोलावलं. म्हस्कू पन्नाशीला टेकलेला, एक अटॅक येऊन गेलेला.

"गोळ्या सोडल्यास का?"

"सोडल्या, बाबा."

"काढा घेतलास का?"

"घेतला, बाबा."

"मग हलकी हो गं माये!"

पेटी थांबली. म्हस्कू वाकला आणि त्यानं ती शिळा सरळ छातीशी उचलून धरली. मांडव उठून उभा राहिला. बायांनी हात जोडले, कुणीतरी हलगी बडवायला घेतली.

सगळ्यात मागे, मांडवाच्या खांबाला टेकून जयवंता हे बघत होता. त्याला जे वाटत होतं, ती भक्ती नव्हती. म्हस्कू बरा झाला याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. व्हावा कसा? ती शिळा म्हस्कूनं उचलली होती, त्यानं नाही!

जयवंता आणि म्हस्कू एकाच जिममध्ये वाढलेले. म्हस्कूनं कितीही वजन मारलं तरी जयवंता त्याच्यापेक्षा पाच किलो जास्त मारणार, हे वीस वर्षं ठरलेलं होतं. मग म्हस्कूला अटॅक आला आणि वर्षभरात जयवंताही वजन उचलता उचलता बारसकट आडवा झाला. हृदयाचा स्नायू दुबळा झालाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. डाव्या छातीत कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. ठोका बेताल झाला की आतल्या आत शॉक देऊन त्याला ताळ्यावर आणणारं. तेव्हापासून जयवंता गावातली आपली दूध डेअरी सांभाळत होता आणि भरलेला कॅन उचलायचा झाला की दुसऱ्याला हाक मारत होता. हाक मारताना त्याची मान खाली जायची.

पुन्हा व्यायाम सुरू करायला त्याला बारामतीच्या डॉ. रुक्सार बागवान यांनीच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी तो छाती फुगवून गेला, तर बाईंनी त्याच्या हातात दोन किलोचं डंबेल ठेवलं.

"दोन किलू?" जयवंता म्हणाला. "मॅडम, एवढ्या वजनाची तर आमची मेथीची जुडी असती."

"आज दोन. जमलं की वाढवू. श्वास अजिबात कोंडायचा नाही. उचलताना मोठ्यानं आकडे मोजायचे, म्हणजे श्वास चालू राहतो. बोलता येईना झालं की थांबायचं."

मग त्यांनी एक गोल लोहचुंबक त्याच्या छातीवर धरला. आतून शिट्टीसारखा बारीक, लांब आवाज आला. "हा आवाज नीट ऐकून ठेवा. तो आला म्हणजे जवळ चुंबक आहे, आणि तोवर तुमचं यंत्र शॉक देणार नाही. लगेच लांब व्हायचं."

जयवंताचं लक्ष नव्हतं. समोर एक म्हातारे गृहस्थ चार किलोचं डंबेल मारत होते आणि तो त्यांच्याकडे जळफळून बघत होता. त्याची बायको साखरबाई मात्र कान देऊन ऐकत होती.

सरावासाठी दिलेलं ते डंबेल तो पिशवीत घालून डेअरीत न्यायचा आणि शटर अर्धं ओढून, कॅनांच्या मागे उभा राहून मोजायचा. कुणी आलं की डंबेल पेंडीच्या पोत्यामागे जायचं.

अशात म्हस्कू रोज सकाळी दूध घालायला येई आणि दुधाबरोबर मीठही घेऊन येई, जयवंताच्या जखमेवर चोळायला.

"अजून गोळ्याच खातुयास व्हय रं?" काट्यावर किटली ठेवत तो म्हणायचा. "बाबा म्हनत हुते, तुज्या दोस्ताला घिऊन ये. मी म्हनलं, त्यो न्हाय यायचा. त्यो मॅडमचा लाडका हाय."

"फॅट कमी लागलंय तुज्या दुधाला," जयवंता एवढंच म्हणायचा. फॅट चांगलं लागलेलं असायचं. रात्री जेवताना म्हस्कू, झोपताना म्हस्कू, डोळा लागला की शिळा छातीशी धरलेला म्हस्कू. शेवटी एका सकाळी त्यानं ठरवलं: शिळा उचलायची, त्याच दिवशी गोळ्या उकिरड्यावर टाकायच्या, आणि दुसऱ्या दिवशी जिममध्ये जाऊन बारवर पूर्वीचं वजन चढवायचं. म्हस्कूपेक्षा पाच किलो जास्त!

"दर्शनाला जातुया," त्यानं घरात सांगितलं.

"मी बी येते," साखरबाई म्हणाली. वीस वर्षांत ज्यानं साधी उदबत्ती लावली नाही, त्याला दर्शनाची आठवण झाली म्हणजे पाणी मुरतंय कुठंतरी, हे तिनं ताडलं होतं.

त्या दिवशी बाबांनी जयवंताला सगळ्यात आधी वर घेतलं. शर्टाचं वरचं बटण काढायला लावून यंत्राचा उंचवटा त्यांनी सगळ्या मांडवाला दाखवला.

"बघा! भगवंताच्या घरात डॉक्टरनं पोटभाडेकरू ठिवलाय! ह्यो बाहेर काढ, गोळ्या सोड, मंग तुज्या हातनं माय उठंल. आज उठायची न्हाय. पायजे तर बघ करून."

पेटी सुरू झाली. "उठायची न्हाय" हे शब्द जयवंताच्या डोक्यात घुमले. खाली पहिल्याच रांगेत म्हस्कू बसला होता, पानाचा तोबरा भरून, मिश्कील हसत. जयवंतानं पाय रोवले, शिळेला कवळा घातला, छाती तिला घट्ट भिडवली, श्वास कोंडला आणि ओढ घेतली.

त्याच्या छातीतून शिट्टी वाजली.

बाबा क्षणभर बावचळले. पण मुरलेला गडी! माईक त्यांनी जयवंताच्या छातीजवळ धरला आणि ती बारीक, लांब शिट्टी कर्ण्यातून सगळ्या रानात गेली.

"अनाहत नाद!" बाबा किंचाळले. "अरं, ऋषीमुनींना हजार वर्सं तप करून जो ऐकू आला न्हाय, त्यो नाद! शिळा ह्याच्या काळजासंगट बोलायला लागली!"

लोक जागच्या जागी लोटांगण घालायला लागले. आणि जयवंताला? आवाज कुठंतरी ऐकलाय, हे त्याला कळलं. काहीतरी बरोबर नाही, हेही कळलं. पण तेवढ्यात त्याची नजर म्हस्कूवर गेली. म्हस्कूचं हसू मावळलं होतं. तोंडातलं पान तसंच राहिलं होतं आणि तो जयवंताकडे अशा नजरेनं बघत होता, ज्या नजरेनं जयवंता महिनाभर त्याच्याकडे बघत आला होता. म्हस्कू जळत होता! शिळेनं म्हस्कूला नुसतं वजन दिलं होतं, जयवंताला नाद दिला होता. त्या नजरेचं सुख एवढं होतं की जयवंतानं शिळा सोडायची ती आणखी आवळली आणि पुन्हा जोर लावला. कपाळावर घाम फुटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, कान बधिर झाले.

"सोडा! आदी सोडा त्ये!"

साखरबाई बायकांची गर्दी तुडवत चौथऱ्यावर चढली होती. तिनं नवऱ्याचं बखोट धरून त्याला मागे खेचलं. तो मटकन खाली बसला. शिट्टी बंद पडली.

"बाई, कोप हुईल!" बाबा म्हणाले.

"हुंद्या! ह्यो आवाज आमच्या मॅडमनी ऐकवलाय मला. लोहचुंबक जवळ आला की यंत्र वरडतं. तुमच्या मायच्या पोटात लोहचुंबक कशाला पायजे वो?"

"बाईचं डोस्कं फिरलंय! पेटी वाजव रं!"

साखरबाईनं कमरेचा डेअरीच्या चाव्यांचा जुडगा काढला आणि शिळेच्या बुडाशी नेला. खट्ट! जुडगा चिकटला. तिनं हात सोडून दिला, तरी चाव्या तिथंच लटकत राहिल्या.

पेटीवाला घाबरला. त्यानं पाय उचलला आणि चाव्या खळकन खाली पडल्या.

आता यशराज एका उडीत वर आला. त्यानं शिळेखाली हात घातला आणि गेल्या खेपेला न हललेली ती वज्रशिळा घागरीसारखी खांद्यावर घेतली. नंतर एका हातावर तोलली. पोरं शिट्ट्या मारायला लागली.

"परत दाब की रं पाय," साखरबाई पेटीवाल्याला म्हणाली.

कुणीतरी त्याच्या पायाखालची सतरंजी उचलली. पेटीवाल्याच्या पायाखाली बटण, बटणाला वायर, वायर मातीतून चौथऱ्यात, आणि चौथऱ्याच्या फरशीखाली बॅटऱ्यांना जोडलेला चुंबक. भंगाराच्या यार्डात क्रेन लोखंड उचलते ना, त्या चुंबकाचं धाकटं भावंड. शिळा म्हणजे फायबरचं पोकळ भांडं, वर सिमेंटचा लेप, आत लोखंडी नळी आणि बुडाला लोखंडी पत्रा. बटण दाबलं की पहिलवानालाही हलत नाही; बटण सोडलं की आजारी माणूसही उचलतो. पेटी वाजत असताना पाय बटणावर, पेटी थांबली की पाय वर. काढा विकायला आणि डॉक्टर सोडवायला एवढं पुरेसं होतं.

"लेकरांनो, मायची लीला..." बाबांनी एकदा प्रयत्न करून पाहिला. कुणी ऐकलं नाही. माईक खाली ठेवून ते हळूच मागच्या बाजूला सरकले, तर तिथं काढ्याच्या बाटल्या घेतलेल्या बायका उभ्या होत्या. पोलीस येईपर्यंत त्यांनी बाबांना हलू दिलं नाही.

या सगळ्या गोंधळात म्हस्कू जागेवरून उठला नव्हता. जयवंता धडपडत त्याच्यापाशी गेला. गेला तो खिजवायलाच. महिनाभराचं सगळं त्याच्या ओठांवर होतं. "कळलं का रं," एवढं तो म्हणाला, आणि थांबला. म्हस्कूची पावलं चपलेत मावत नव्हती. घोटे सुजून टम्म झाले होते आणि बसल्या जागी त्याला धाप लागली होती. पाणी उतरवायच्या गोळ्या बंद केल्या की काय होतं, ते डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलेलं होतं.

"कदीपास्नं हाय ह्ये?"

"आठवडा झाला आसंल," म्हस्कू कसाबसा म्हणाला. "पर सांगू कुनाला? शिळा उचलनारा मी..."

खिजवायचं जयवंता विसरला. आपण तरी दुसऱ्या दिवशी काय करणार होतो, हे त्याला आठवलं. यशराजच्या गाडीत घालून दोघांनाही बारामतीला नेलं. जयवंताचं यंत्र तपासलं, ते ठीक होतं. म्हस्कूला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. डॉ. रुक्सार आधी जयवंतावर कडाडल्या, "त्या मिनिटात ठोका बिघडला असता, तर यंत्रानं काहीच केलं नसतं. समजतंय का?" मग शांत झाल्या. "आणि वजन उचलायला मी कधी नको म्हटलंय? मीच शिकवतेय ना? मग मला न विचारता कशाला गेलात?"

"लाज वाटत हुती," जयवंता म्हणाला. "दोन किलूची."

म्हस्कूला बोलण्याइतपत बरं वाटलं तेव्हा जयवंता भेटायला गेला. पंचनाम्यासाठी पोलिसांनी शिळा जयवंताच्याच डेअरीतल्या काट्यावर ठेवली होती, हे म्हस्कूच्या कानावर आलं होतं.

"जयवंता, खोटं बोलू नगंस. मी किती उचललं हुतं रं?"

हे सांगायला मिळावं म्हणून एके काळी जयवंतानं नवस केला असता. पण आता आवाज खाली आला. "सतरा किलू."

म्हस्कू उशीवर जरा वर सरकला. "अटॅक यिऊन गेल्याला, गोळ्या बंद, आन् तरी सतरा? लई झालं की रं."

"लई झालं. मी अजून दोनावरच हाय," जयवंता म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्या सतरा किलोंचाही त्याला हेवा वाटला.

हेवा असा जात नाही. शेजाऱ्याचं बरं झालेलं दुखणंसुद्धा माणसाला सलतं. सलू द्या. पण गोळी बंद करायची असेल, वजन वाढवायचं असेल, तर ज्यानं तुमचं हृदय तपासलंय त्याला आधी विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तो कसा होतो ते विचारा. विचारायची लाज वाटते? जयवंतालाही वाटली, म्हस्कूलाही वाटली. बाबांचा मांडव त्या लाजेवरच उभा होता. एका बाईनं सगळ्यांदेखत विचारलं, तेव्हा तो उठला.