तेरखेड्याचा अंगठा

धाराशिवात खोली शोधताना मला एक गोष्ट कळली, ती ही की इथल्या प्रत्येक घरमालकाला एक भाचा असतो. मी माझं नाव सांगितलं की तो भाचा पुढच्या महिन्यात राहायला येणार असतो. "फरहाना व्हय? आधी सांगायचं न्हवं का, खोली तर आमी भाच्याला दिली." आठ खोल्या, आठ भाचे. जूनच्या उन्हात मी ते भाचे मोजत हिंडले आणि प्रत्येकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

नववी खोली आण्णासाहेबांची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, बसस्टँडमागच्या कॉलनीत घर. नाव ऐकून ते दचकले नाहीत. मला वाटलं, चला, एक तरी सापडला. मग त्यांनी गाव विचारलं.

"हायवेवरचंच," मी म्हटलं.

"हायवेवर कुठं? तेरखेडा न्हवं नं? ती फटाक्यावाली माणसं घरात बी दारू भरून ठेवत्यात. एक ठिणगी पडली तर माझं घर उडून बसस्टँडात जायचं."

आम्ही तेरखेड्याचेच. माझी सासू, बेगमबी, तीस वर्षं तिथल्या कारखान्यात भुईनळे भरत होती. शाळेत रुजू व्हायला माझ्या हातात चार दिवस होते, नवरा आसिफ ट्रक घेऊन पंधरा पंधरा दिवस बाहेर, आणि मी नवव्या उंबऱ्यावर उभी. म्हटलं, "छे हो. येरमाळ्याचे आम्ही."

"मग देवीच्या गावचे की! या, या," आण्णासाहेब म्हणाले. किल्ली मिळाली.

त्याच संध्याकाळी अम्मांना समोर बसवून मी बजावलं. अम्मा म्हणजे सासूबाई. कुणी विचारलं तर येरमाळा सांगायचं आणि हात पदराखाली ठेवायचे. कारण अम्मांचे हात बोलतात. भुईनळ्यात घालायची ती चंदेरी भुकटी तीस वर्षांत त्यांच्या बोटांच्या रेघारेघांत जाऊन बसली आहे. उन्हात हात धरला तर पेरं चमकतात. तेरखेडा कपाळावर लिहायची गरज नाही, बोटावरच लिहिलेलं आहे.

अम्मांनी तेवढ्यावर हात पदराखाली घेतले. त्यांना हे गाव पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं आणि मी तर लग्नापासूनच नव्हते. त्या अजूनही गावाला उस्मानाबाद म्हणत. आण्णासाहेब जिन्यातून जाता जाता "धाराशिव म्हना आता, धाराशिव," असं दुरुस्त करत. अम्मा मान डोलवत आणि दुसऱ्या वाक्यात पुन्हा उस्मानाबाद म्हणत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते काही उगीच म्हणत नाहीत.

बाकी गावानंही आमचं स्वागत असंच केलं. नळ आठवड्यातून एकदा येतो, पण कधी येतो ते सांगायला गल्लीत कुणाची जीभ वळत नाही. पहिल्या खेपेला सगळ्यांचे हौद भरले आणि आमच्या बादल्या कोरड्या. जारवाला म्हणे, वरच्या मजल्यावर चढवणार नाही. गॅसवाला म्हणे, घरमालकाची चिठ्ठी आणा. घरमालक म्हणे, चिठ्ठी कशाला, मी काय कुठं पळून चाललोय? मी पोरांना विज्ञान शिकवते, पाण्याचं चक्र फळ्यावर काढते आणि घरी येऊन रिकामी बादली बघते. संताप येणार नाही तर काय होणार?

हे सगळं मी गिळलं असतं. पण अम्मांचा डोळा थांबणार नव्हता.

त्यांना एकच डोळा. दुसरा दहा वर्षांपूर्वी गेला, भरता भरता एक भुईनळा तोंडावर उडाला तेव्हा. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता, तरी एप्रिलपर्यंत त्या कामावर जात होत्या. भुकटी किती पडली ते बोटाला कळतं, डोळ्याचं काय काम, असं म्हणायच्या. ऑगस्टमध्ये मी त्यांना इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं आणि मला बाजूला घेतलं. मोतीबिंदू फार पिकलाय, दसऱ्याच्या आत काढायला हवा, उशीर झाला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाईल. सरकारी आरोग्य योजनेत ऑपरेशन फुकट होतं. कार्ड तेवढं आणा.

कार्ड काढायचं केंद्र आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. तिथल्या बाईचं नाव शुभांगी. तिनं आयुष्यात कधी मान वर करून बोलल्याचं कुणी बघितलं नसावं.

"अंगठा ठेवा. दुसरा. आता बोटं. दाबून ठेवा, आजी. न्हाई उठत. पुढचं कोण?"

"अहो, डोळ्याचं मशीन असतं ना?" मी म्हटलं.

"एक डोळा न्हाई, दुसरा पांढरा. मशीन काय घेईल त्यातलं?"

"चेहऱ्यावरून?"

तिनं अम्मांसमोर मोबाइल धरला, मग स्क्रीन माझ्याकडे फिरवली. आधारवरचा फोटो भुईनळा उडायच्या आधीचा. "हे तोंड ते न्हाई म्हनायलंय."

उरला मोबाइलवर येणारा आकडा. आधारला जोडलेला नंबर माझ्या सासऱ्यांचा, चाँदपाशांचा. ते गेले आणि नंबरही गेला. नंबर बदलायला काय लागतं, मी विचारलं.

"अंगठा," शुभांगी म्हणाली.

म्हणजे ऑपरेशनला कार्ड, कार्डाला अंगठा, अंगठा नसला तर डोळा, आणि ऑपरेशन त्याच डोळ्याचं. मी तिथंच मोठ्यानं हसले. शुभांगीला वाटलं, मी तिला हसले. त्या दिवसापासून आमचं वैर.

बाहेर आल्यावर अम्मा म्हणाल्या, "गाँव में तो लगता था."

खरंच लागत होता. गावच्या रेशन दुकानात दर महिन्याला त्यांचा अंगठा पहिल्या फटक्यात उठायचा. पण मला त्या वाक्यात फक्त टोमणा ऐकू आला. गाव चांगलं, मशीन चांगलं, तूच इथं आणून टाकलंस. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. रांगेतल्या बायकांनी सांगितलं म्हणून अंगठा डोक्याला घासून तेलकट केला. नाही. तिसऱ्या वेळी लिंबू चोळून नेला, तेव्हा अम्मा कळवळल्या, आणि मी त्यांच्यावरच खेकसले की लिंबानं कुणी मरत नाही. तरी नाही.

"सारखं सारखं आणू नका ह्यांना," शुभांगी मान खाली घालूनच म्हणाली. "काच घाण व्हायलीय."

मी तिला काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. अम्मा घरापर्यंत एकच वाक्य घोकत आल्या. गाँव में तो लगता था. माझे कान किटले. जिन्यात मी वळून म्हटलं, "मग जा गावात. आंधळ्या होऊन बसा."

बोलले खरी. उचलली जीभ लावली टाळ्याला.

दोन दिवसांनी शाळेतलं पाणी संपलं म्हणून पोरांना अकरालाच सोडलं. मी घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. मोरीतून खर्र खर्र असा आवाज येत होता.

अम्मा मोरीत पाटावर बसल्या होत्या. समोर वाटीत राख, हातात वजरी, टाचा घासायचा तो खरखरीत दगड. पण टाचा कोरड्या होत्या. त्या बोटं घासत होत्या. अंगठ्यावर राख घ्यायची, दगडानं घासायचं, पाणी ओतायचं, अंगठा डोळ्याच्या अगदी जवळ न्यायचा आणि त्या धुरकट डोळ्यानं काही दिसतंय का ते बघायचं. दिसत नव्हतं, म्हणून परत घासायचं. पेरं लाललाल झाली होती. दोन बोटांची साल निघून पाणी सुटलं होतं. रेघ म्हणून एक उरली नव्हती.

"हे काय करताय?" मी ओरडले.

त्या दचकल्या. चोरी पकडल्यासारखे हात पदराखाली गेले.

"तूच बोली थी ना, हातां छुपा के रख," त्या म्हणाल्या. "कब तक छुपाऊं? तू इस्कूल कू गई की रोज घिसतीऊं. चांदी निकलतीच नै."

"रोज? कशाला?"

"तेरा घर नक्को जाना करके."

माझी खोली जाऊ नये म्हणून. मी मोरीच्या कट्ट्यावर बसले. शुभांगीला शिव्या दिल्या, मशीनला दिल्या, या गावाला तर उठता बसता दिल्या. आणि अंगठा पुसला होता माझ्या शब्दानं. तीन महिने, रोज, मी शाळेत गेल्यावर. लिंबू लावलं तेव्हा त्या का कळवळल्या ते आता मला समजलं. मला स्वतःची एवढी लाज वाटली की काय करावं सुचेना, आणि सुचेना तेव्हा मी जे नेहमी करते तेच केलं. त्यांच्या हातातली वजरी हिसकली आणि खिडकीतून जीव खाऊन भिरकावली.

ती खाली आण्णासाहेबांच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर आदळली. आवाज मोठा झाला. आण्णासाहेब लुंगी सावरत धावत वर आले.

"काय फुटलं? काय फुटलं?"

"दगड होता," मी म्हटलं. "आणि ऐका. आम्ही येरमाळ्याचे नाही. तेरखेड्याचे आहोत. ही बाई तीस वर्षं भुईनळे भरत होती. घरात दारू नाही, काडीपेटी आहे, ती तुमच्याही घरात असेल."

आण्णासाहेबांनी आधी अम्मांच्या हातांकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीकडे.

"तीन महिने खोटं बोलून ऱ्हायलाव माझ्या घरात."

ते खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं.

"दसऱ्याला खोली मोकळी पायजे," ते म्हणाले आणि प्रत्येक पायरीवर थांबून वास घेत खाली गेले.

दसऱ्याला सव्वीस दिवस होते. डॉक्टरांची मुदतही तीच. मी अम्मांना भांड्याला हात लावू दिला नाही, राखेची वाटी फेकली, साबण वर ठेवला. रोज संध्याकाळी एकेका बोटाला खोबरेल लावायचं आणि जुन्या सुती ओढणीच्या पट्ट्या गुंडाळायच्या. दोन्ही हात बांधलेले, म्हणून घासही मीच भरवायची. अम्मा त्या भरवलेल्या घासालाही नावं ठेवत. डाळ पातळ, भाकरी जाड. मी म्हणायची, गुपचूप खा. आमच्यात आजवर जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं त्या दिवसांत झालं, आणि सगळं भांडणाच्या आवाजात. दहाव्या दिवशी साल धरली. पंधराव्या दिवशी अंगठ्यावर बारीक रेघा उमटायला लागल्या, आणि त्यांच्या खोलात तीच चांदी. मी तो अंगठा खिडकीतल्या उन्हात धरून बघत बसायची. तीन महिने जी चांदी कुणाला दिसू नये म्हणून धडपडले, ती दिसली की आता मला धीर यायचा.

दसऱ्याला सहा दिवस उरले तेव्हा आम्ही केंद्रावर गेलो.

"पुन्हा आलाव?" शुभांगी म्हणाली.

"पुन्हा आलो."

पहिल्यांदा नाही उठला. दुसऱ्यांदा नाही. मागे रांग कुरकुरायला लागली. मी अम्मांचा अंगठा फुंकर मारून पुसला आणि स्वतःच्या हातानं हलकेच काचेवर टेकवला. दिवा हिरवा झाला.

"झालं. पुढचं कोण?" शुभांगी म्हणाली, त्याच आवाजात. तिला काही वाटलं नाही आणि मलाही तिचे आभार मानावेसे वाटले नाहीत. बाहेर येऊन मी भिंतीला टेकून रडले. अम्मा म्हणाल्या, लोक बघतायत, आवर.

ऑपरेशन दसऱ्याच्या आदल्या दिवशी झालं. दसऱ्याला आसिफनं आमचं सामान एका ओळखीच्या माणसाच्या गोदामात टाकलं, आम्हाला त्याच माणसाच्या घरी आठ दिवसांपुरतं सोडलं आणि तो ट्रकवर गेला. मी पुन्हा खोल्या शोधायला निघाले. या खेपेला काळा चष्मा लावून अम्माही सोबत. घरी बसा म्हटलं तर ऐकेनात.

दोन दारांत दोन भाचे निघाले. तिसरं घर दैवशाला नावाच्या बाईंचं, तुळजापूर रस्त्याकडे. त्यांनी दार अर्धं उघडून नाव विचारलं. मी सांगितलं. भाच्याचं नाव निघालं नाही.

"गाव कंचं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत अम्मा पुढं झाल्या. चष्मा काढायची मनाई असताना त्यांनी तो कपाळावर सरकवला आणि दोन्ही हात, तळवे वर करून, बाईंच्या समोर धरले. पेरं उन्हात चमकली.

"तेरखेडा," अम्मा म्हणाल्या. "भुईनळं भरल्यात ह्या हातानं. बघा, नीट बघून घ्या. मला बी आता दिसायलंय, कोन कसं बघायलंय ते."

बाईंनी दार लावून घेतलं नाही, पुरतं उघडलंही नाही. अम्मांनीही हात खाली घेतले नाहीत. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.