आतून उघडणारी काच

"एक तरी काच आतून उघडणारी ठेव, अनुया," चिंतामणी आजोबा म्हणाले होते. एकदा घरून निघताना गाडीत आणि एकदा गॅरेजमध्ये. दोन्ही वेळा त्यांच्या सुनेने "हो बाबा, बघू" म्हणत तीन वर्षांच्या राजसीचं तोंड पुसलं. मला हे पक्कं आठवतं, कारण बोलणं माझ्याबद्दलच चाललं होतं.

मित्रांनो, मी एका जुन्या, उंच गाडीच्या मागच्या बाकाजवळच्या काचेचा खटका आहे. तुमच्या तळहातावर मावेन एवढा. काळी मूठ आणि आत एक स्प्रिंग. मला पुढे ढकललं की काच बाहेरच्या बाजूला चार बोटं उघडायची, ओढलं की घट्ट बसायची. स्टिअरिंगला सगळे हात लावतात, हॉर्नचं सगळ्यांना कौतुक असतं. माझी आठवण उकडलं तरच.

पण आजोबा मला विसरत नसत. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. उभी नोकरी त्यांनी एकच गोष्ट तपासली होती: आत माणूस असला, तर त्याला आतून बाहेर येता येईल का. निवृत्तीच्या आदल्या वर्षी ही गाडी घेतली तेव्हा इंजिन बघायच्याही आधी ते मागे चढले, समोरासमोरच्या बाकांपैकी एकावर बसले आणि मला उघडून बघितलं. मागच्या दाराला आतून मूठच नाही आणि पलीकडची काच कायमची बसवलेली आहे, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं होतं. "तरी हा आहे," असं म्हणून त्यांनी माझ्यावर बोट टेकवलं. माझ्या आयुष्यातली शाबासकी ती एवढीच.

पुढे मुलगा समीरचं लग्न झालं, राजसी आली, आणि कात्रपमधलं दुसऱ्या मजल्यावरचं घर अचानक लहान झालं. अनुया शिकलेली, हुशार आणि जिवाला फार लावून घेणारी. राजसी शिंकली तरी ती मोबाइलवर कारणं शोधायची. दुपारी पोर झोपली की दाराच्या बेलचं घरातलं बटण बंद. आजोबांना खोकल्याची ढास लागायची. पेपरचं पान उलटलं तरी राजसी कूस बदलायची. "बाबा, जरा हळू," एवढंच अनुया एकदा म्हणाली. खाली जा असं ती कधीच म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आजोबा पेपर आणि किल्ली घेऊन, घरात कुणाला न सांगता, खाली शेडमधल्या गाडीत येऊ लागले.

मागच्या दाराने ते आत चढत. पेपरच्या एका पानाची जाड घडी करून दाराच्या फटीत अडकवत, म्हणजे दार पूर्ण लागायचं नाही. मग मला उघडत, बाकावर आडवे होत. त्यांचा तो तास-दीड तास माझ्या वाऱ्यावर जायचा.

म्हातारपण मलाही आलं. स्प्रिंग ढिली पडली. खड्ड्यात गाडी आदळली की काच आपोआप उघडायची. एका रविवारी अंबरनाथजवळ राजसीने मला सहज ढकललं आणि कोपरापर्यंत हात बाहेर काढला. शेजारून रिक्षा अगदी घासून गेली. अनुयाने ओरडून तिला आत ओढलं, आणि घरी पोचेपर्यंत पोरीचा हात सोडला नाही. तिला दोष कसा देऊ? चूक माझ्या स्प्रिंगची होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही उल्हासनगरला धर्मराज मेकॅनिककडे. त्याने मला दोनदा उघडून-लावून बघितलं. "भाभी, हे लॉक आता बनतच नाही. भंगारवाल्यांकडे शोधतो, आठ दिवस लागतील. नाहीतर स्क्रू मारून काच पॅक करतो. बेबी सेफ."

आजोबा म्हणाले, थांबू आठ दिवस. आणि मग ते वाक्य पुन्हा म्हणाले.

"हो बाबा, बघू. पण आठ दिवसांत हिने परत हात काढला तर?" अनुयाने विचारलं. आणि धर्मराजला स्क्रू मारायला सांगितलं.

धर्मराजने माझ्या पोटातून स्क्रू आरपार घातला आणि भोवती सिलिकॉन भरलं. आता मी हलणार नव्हतो. परतताना अनुयाचा चेहरा किती दिवसांनी निवांत दिसला. आजोबा दुपारचे खाली येतच राहिले. दाराच्या फटीतून येईल तेवढा वारा घेत, आणि पेपरने स्वतःला वारा घालत.

मे महिन्यातली गोष्ट. राजसी झोपली होती. कुरिअर घ्यायला अनुया दुसरी किल्ली हातात घेऊनच खाली आली, कारण सकाळी गाडीत राहिलेली पाण्याची बाटली तिला काढायची होती. पुढच्या सीटवरून बाटली घेतली. वळताना तिला मागचं दार अर्धवट दिसलं. फटीत कुणीतरी कोंबलेला कागद. पोरांचा चाळा, असं मनात म्हणत तिने कागद ओढला, दार दाबून लावलं, गाडी लॉक केली. काचेवर काळी फिल्म होती आणि आजोबा मधल्या सीटच्या पाठीआड बाकावर आडवे होते. वर राजसी एकटी. अनुया दोन-दोन पायऱ्या चढत गेली. कागद तिने कचऱ्याच्या डब्यात टाकला.

तीन वाजता शेडची सावली सरकली आणि ऊन थेट पत्र्यावर आलं.

आजोबा जागे झाले. दार ढकललं. मग त्यांना कळलं. पुढे जायला मधली सीट ओलांडावी लागते, आणि त्यांचे गुडघे केव्हाच थकले होते. फोन घरी चार्जिंगला. किल्ली खिशात होती, पण मागच्या दाराला आतून ती लावणार कुठे? त्यांनी काचेवर थापा मारल्या. दुपारी बिल्डिंग झोपलेली असते. शेवटी त्यांचं बोट माझ्यावर आलं. त्यांनी मला ढकललं. पुन्हा ढकललं. मी हललो नाही, मित्रांनो. हलायचं म्हणजे काय, हेच माझ्यात उरलं नव्हतं.

जिना पुसणाऱ्या बनूबाईला काचेला टेकलेला पंजा दिसला. ती धावत वर गेली, बेल दाबली. बेल बंद. मग तिने दारावर मुठी आपटल्या. "वहिनी, आजोबा गाडीत हायेत!" अनुया किल्ली शोधेपर्यंत बनूबाई खाली पोचली होती. तिने वीट उचलून माझीच काच फोडली. मी स्क्रूसकट खाली पडलो.

आजोबा वाचले. पण ऊन डोक्यात भिनलं होतं. आता चालताना तोल जातो, बोलताना शब्द अडकतो. दवाखान्यात समीरने विचारलं, हे झालं कसं? आजोबा हळूहळू म्हणाले, "मीच... दार ओढून घेतलं. चुकून."

अनुया पलीकडे मोसंबीचा रस घेऊन उभी होती. तिने पेला त्यांच्या ओठांना लावला. तो कागद कुणी काढला हे तिघांनाच ठाऊक: तिला, त्यांना (गाडीची दुसरी किल्ली तिच्याकडेच असते, त्यावरून ते समजले होते) आणि मला. समीरला ती अजून सांगू शकलेली नाही.

धर्मराजने नवी काच बसवली, खटकाही कुठूनसा मिळवला. दोन दिवसांत. पण आजोबा गाडीत पाय ठेवत नाहीत. मला अनुयाने बेलच्या बटणाशेजारी खिळ्याला अडकवलंय. ते बटण आता चोवीस तास चालू असतं. दुपारी राजसीला झोपवून ती आजोबांच्या खोलीच्या दाराशी येते, "बाबा?" म्हणते, आणि आतून "आहे गं" येईपर्यंत हलत नाही. कधी त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. तेवढा वेळ ती दाराची कडी धरून उभी असते, मला इथून दिसतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे तुमची झोप मोडू नये म्हणून गुपचूप दुसरीकडे जाऊन बसतं. आता ते कुठे आहे, तुम्हाला माहीत आहे का? वाचन इथेच थांबवा आणि जाऊन बघा. हाक मारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.