पाकोळी श्वास घेते

मित्रांनो, मला डोळे नाहीत, हातपाय नाहीत. आहे तो फक्त एक कान. रेकॉर्डिंगच्या खोलीत दांडीला उलटा टांगलेला मी एक म्हातारा मायक्रोफोन. माझ्यासमोर उभं राहिलं की भलीभली माणसं नाक ओढतात, घसा खाकरतात, पोटातली गुडगुड लपवायला बघतात. लपत काही नाही. मी सगळं ऐकतो. चोंबडा म्हणा हवं तर, पण चोंबडेपणा हाच माझा धंदा आहे.

माझा जन्म एका छोट्याशा कारखान्यात झाला. तिथल्या एका कारागीर बाईंनी चिमट्याने माझा पडदा ताणून बसवला. हा पडदा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो. साधी फुंकर लागली तरी वाया जातो, म्हणून तो बसेपर्यंत बाई श्वास रोखून धरत. पडदा बसला आणि त्यांनी हुश्श केलं. जगात आल्यावर मी ऐकलेला पहिला आवाज तो. म्हणूनच की काय, माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या बोलण्याआधीचा श्वास मला जास्त कळतो. त्यावरून माणूस खरं बोलणार की थापा मारणार, याचाही अंदाज येतो.

कारखान्यातून मी या तळघरातल्या स्टुडिओत आलो. सुरुवातीची वर्षं साबणाच्या आणि खाद्यतेलाच्या जाहिरातींत गेली. एका साबणासाठी एका नटाने ‘आहाहा’ इतक्या वेळा म्हटलं की मला साबण या वस्तूचाच तिटकारा आला. काम होतं, कौतुकही होतं. तरी मन रमत नव्हतं, कारण सगळेच जण माझ्याशी ओरडून बोलत. मी बहिरा आहे असं त्यांना का वाटे, कोण जाणे.

आणि एक दिवस ताई आल्या. त्यांना सगळे ताईच म्हणत, वयाने मोठे लोकसुद्धा. त्यांचा आवाज तुम्ही लिफ्टमध्ये नक्की ऐकला असेल. ‘दरवाजा बंद होत आहे’ म्हणणाऱ्या त्याच या. त्या दिवशी मात्र काम वेगळं होतं. ‘परतीची कक्षा’ नावाचा एक व्हिडिओ गेम तयार होत होता. परक्या सूर्याभोवती हरवलेला एक प्रवासी आणि त्याला घरी पोचवायला निघालेलं पाकोळी नावाचं एक जुनाट अंतराळयान, अशी त्याची गोष्ट. या पाकोळीचा आवाज ताईंनी द्यायचा होता.

“ही बाई आहे कोण पण?” ताईंनी हातातला कागद चाळत विचारलं.

“बाई नाही ताई, जहाज आहे,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“अगं बाई! मग जहाजासारखं बोलायचं कसं?”

“लिफ्टसारखंच बोला. फक्त दरवाजा जरा मोठा आहे असं समजा.”

गेमचं रेकॉर्डिंग नाटकासारखं नसतं. समोर दुसरा नट नसतो, गोष्ट सलग नसते. नुसते वाक्यांचे तुकडे असतात. ‘डावीकडे वळ.’ ‘हवा संपत आली आहे.’ ‘इथे आहे मी.’ एकेक तुकडा चार तऱ्हांनी म्हणायचा. त्यातला कुठला कुठे बसणार, याचा बोलणाऱ्याला पत्ता नसतो. ताई बंद खोलीत एकट्याच बसून हे सगळं मला सांगत असत. त्या ओरडत नव्हत्या. प्रत्येक तुकड्याआधी त्या एक छोटासा श्वास घेत. दाराशी आलेला माणूस हाक मारण्याआधी क्षणभर थांबतो ना, तसा. मी त्यांच्यावर पहिल्याच दिवशी खूश झालो.

आता आमच्या धंद्यातली रीत सांगतो. यंत्राचा आवाज असला की आधीचा श्वास कापून टाकायचा असतो, कारण यंत्राला फुप्फुसं नसतात. हे काम रेकॉर्डिस्टचं. पण ऐन शेवटच्या दिवशी त्याच्या बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेल्याचा निरोप आला. गडी तसाच धावत सुटला आणि न कापलेलं सगळं रेकॉर्डिंग पुढे गेलं. चार दिवसांनी बापाच्या तोऱ्यात पेढे वाटत परत आला, तर स्टुडिओच्या मालकांनी त्याला फैलावर घेतलं. रेकॉर्डिंग तोवर गेममध्ये बसलं होतं आणि थोड्याच दिवसांत गेम लोकांच्या हातात पडला.

आणि झालं भलतंच. गेममध्ये एक जागा अशी आहे की जहाजाची सगळी यंत्रं बंद पडतात आणि टीव्हीचा पडदा काळाठिक्कर होतो. खेळणारा नुसता बसून राहतो. मग त्या काळोखात आधी कोणीतरी श्वास घेतं आणि म्हणतं, ‘इथे आहे मी.’ लोक हादरले. ‘अरे, जहाज जिवंत आहे!’ असं एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. एका धांदरटाच्या घाईतून पाकोळीला प्राण मिळाला होता.

रेकॉर्डिस्ट मला पुसता पुसता हे सगळं ऐकवत असे. त्याला माझ्याशी बोलायची खोडच होती. घरी कोणी बोलू देत नसेल. त्याच्याकडून मला कळलं की पाकोळीच्या चाहत्यांनी फुटलेल्या डब्यांची आणि जुन्या पंख्यांची जहाजं बनवली आहेत. एक दंतवैद्य बाई तर घाबरलेल्या पेशंटजवळ जाऊन आधी सावकाश श्वास घेतात आणि मग म्हणतात, ‘इथे आहे मी.’ त्याने पेशंट आणखीच घाबरत असावा, असं माझं मत आहे. पण दवाखाना चालतो म्हणे जोरात.

एक गोष्ट मात्र ऐकली आणि मी गप्प झालो. म्हणजे एरवीही मी गप्पच असतो, पण त्या दिवशी आतून गप्प झालो. ऐकू न येणाऱ्या एका मुलीने गेमच्या कंपनीला विचारलं होतं, ‘सगळे कुठल्यातरी श्वासाबद्दल बोलतात. तो मला का दिला नाहीत?’ त्यानंतर पुढच्या भागापासून पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटू लागली: पाकोळी श्वास घेते. ती मुलगी ती अक्षरं आली की खेळ थांबवून जराशी बसून राहायची. माझं सगळं कूळ कानावर जगतं. कानाशिवायही कोणी ताईंना इतकं ऐकू शकतं, याचा मला आजही अचंबा वाटतो.

ताईंना यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी तो गेम कधी खेळलाच नाही. घरचा टीव्ही यजमानांच्या ताब्यात आणि यजमान बातम्यांच्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या वेळी मालक मुद्दाम सांगायला आले, “ताई, श्वास घ्या बरं का. जरा ठळक.” ताईंनी घेतला. पुन्हा घेतला. शेवटी वैतागल्या. “अहो, मी काय सायकलचा पंप आहे?” मुद्दाम घेतलेला श्वास खोटा वाजत होता. मग रेकॉर्डिस्टनेच मालकांना बाहेर काढलं आणि म्हणाला, “विसरा ताई ते. तुम्ही आपल्या बोला.” त्या बोलल्या आणि पाकोळी परत आली.

पुढे वाईट दिवस आले. ताई आजारी पडल्या. त्यांच्या फुप्फुसाचा एक तुकडा काढावा लागला. चौथा भाग कंपनीने दुसरीकडे, दुसऱ्याच आवाजात उरकला. त्यात एकच तयार श्वास प्रत्येक वाक्याआधी चिकटवला होता. चाहत्यांनी तो दुसऱ्याच वाक्याला ओळखला. ‘ही आमची पाकोळी नाही,’ असं लोक एकमेकांना सांगू लागले. घरातलं माणूस बदलून कोणीतरी परकं आणून बसवावं तसं त्यांना वाटलं. इकडे स्टुडिओत एक नवा चकचकीत मायक्रोफोन आला आणि मला ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत पेटीत ठेवलं गेलं. पेटीतल्या अंधाराचं मला काही नाही, डोळेच नाहीत. पण तिथली शांतता फार लागायची.

मग एका सकाळी पेटी उघडली. मला पुसणारे हात ओळखीचे होते. “बाबा रे,” रेकॉर्डिस्ट म्हणाला, “पाचवा भाग आलाय. शेवटचा. यात पाकोळी संपते. ताई नाही म्हणतायत. त्या नाहीच म्हणाल्या तर तो चिकटवलेला आवाजच तिला निरोप देणार.”

ताई एकदाच यायला कबूल झाल्या होत्या, तेही नकार देण्यासाठी. ‘माझा आवाज एकदा ऐका, म्हणजे माझा नाद सोडाल,’ असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. रेकॉर्डिस्टने आणखी एक उद्योग केला. त्यांना न विचारता दोन चाहत्यांना काचेपलीकडे आणून बसवलं. एक त्या दंतवैद्य बाई आणि दुसरा बंदरावरचा क्रेनवाला. हेतू चांगला होता. पण ही चूकच होती.

ताई आल्या. खुर्चीत बसल्या. मी आधी त्यांचा श्वास ऐकला. त्यात बारीक शीळ होती, दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी. त्यांनी कागद उचलला.

“डावीकडे...” श्वास. “...वळ.”

त्या थांबल्या. “ऐकलंत ना? दोन शब्दांना दम लागतोय मला. हे लोकांना ऐकवू?” मग त्यांची नजर काचेपलीकडे गेली असावी. “ही कोण माणसं बसवलीयत तिथे? माझी शोभा बघायला बोलावलीत होय?”

हेडफोन आपटल्याचा आवाज झाला. त्या उठल्या. तेवढ्यात दार उघडलं आणि मोजे घातलेली जड पावलं आत आली. मोठ्या देहाचा माणूस होता, श्वासावरून कळलं. बोलला मात्र अगदी लहान आवाजात.

“ताई, रागवायचं तर माझ्यावर रागवा. मीच मागे लागलो होतो या रेकॉर्डिस्टच्या. मी क्रेन चालवतो. वारा सुटला की काम थांबतं आणि खाली उतरताही येत नाही. वर केबिनमध्ये आपण एकटेच. सगळं हलत असतं. तेव्हा मी मनात तुमचं ते म्हणतो, ‘इथे आहे मी.’ तेवढ्यावर बसून राहतो.”

“अहो दादा, ते मी नाही म्हणत. लिहून दिलेलं वाचते मी.”

“माहितीये. पण श्वास लिहून दिला होता का कोणी?”

ताईंच्या हातातला कागद चुरचुरला.

“काम घ्या असं सांगायला नाही आलो मी,” तो म्हणाला. “नको असेल तर नको. पण गेममध्ये आम्हाला बोलता येत नाही ना. खेळणाऱ्याला तोंडच दिलेलं नाही. पाकोळी एवढं बोलते, एवढं सांभाळते आणि आम्ही आपले मुके. म्हटलं, एकदा समोर उभं राहून सांगावं. आम्ही ऐकत होतो.”

ती शीळ पुन्हा माझ्या जवळ आली. मग खुर्ची करकरली. ताई परत बसल्या होत्या.

“एकच वाक्य वाचते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जाऊ नका, थांबा इथेच. पण हालायचं नाही. आवाज अजिबात करायचा नाही.”

“नाही करत,” तो म्हणाला.

कागद सरकला. गोष्ट अशी होती, की शेवटच्या भागात पाकोळीची सगळी यंत्रं जळून गेली आहेत. तिला दिसत नाही. आपण ज्याला इतकी वर्षं सांभाळलं तो प्रवासी जगला की गेला, हेही तिला कळत नाही. त्या काळोखात ती विचारते.

ताईंनी श्वास घेतला. मित्रांनो, मी आयुष्यभर श्वास ऐकले, पण तसा ऐकला नाही. तो तुटका होता, शिळेचा होता, अर्ध्यावर अडखळून पुन्हा वर चढत होता. एक म्हातारं जहाज शेवटची ताकद गोळा करत होतं. माझा पातळ पडदा थरारून गेला.

“कोणी...” श्वास. “...कोणी आहे का रे?”

वाक्य संपलं की खोलीत शांतता राखायची, हा आमचा सगळ्यात कडक नियम. इथे टाचणीसुद्धा पडत नाही. त्या शांततेत तो अवाढव्य माणूस बोलून गेला.

“ओ!”

गल्लीत खेळणारं पोर आईच्या हाकेला देतं ना, तशी ओ. त्याने ठरवून दिलेली नव्हती. त्याच्या तोंडून ती निसटली होती. लगेच उघड्या दारातून दंतवैद्य बाईंचा ओला आवाज आला, “ओ!” आणि त्यांच्या मागून रेकॉर्डिस्ट, ज्याने कोणी नुसतं नाक ओढलं तरी त्याला खोलीबाहेर काढलं होतं, तोही म्हणाला, “ओ, ताई.”

ताई रडत होत्या. त्यांचं रडणंही मी टिपलं, दुसरं काय करणार?

“घालवलात की टेक,” शेवटी त्या नाक पुसत म्हणाल्या. मग कागद नीट केला. “चला, गप्प बसा सगळे. पुन्हा घेऊ.”

तो भाग ताईंनीच पुरा केला. रोज थोडा थोडा, मधे मधे टेकत, शिळेसकट. त्यातला एकही श्वास कोणी कापला नाही.

मित्रांनो, तुम्हाला जीव लावणारे किती आवाज असतात. ते कुठल्यातरी बंद खोलीत, भिंतीकडे तोंड करून, एकट्या माणसाने बोललेले असतात. आपलं कोणी ऐकतंय का, हे त्या माणसाला कळत नाही. ताई इतकी वर्षं माझ्यासमोर बसून बोलल्या. मी त्यांचा शब्दन् शब्द ऐकला, पण मला एकदाही ओ देता आली नाही. तुम्हाला देता येते. वेळेवर द्या.