तंगुसाचं टोक

“रूबी, नेलकटर कुठंय?” होलिस टिडवेलने विचारलं.

नेलकटर त्याच्या नाकासमोर टांगलेला होता. गळाचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, कापायला आमच्याकडे सगळे तोच वापरतात, म्हणून बावीस वर्षं तो माझ्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गल्ल्याशेजारी दोरीला बांधून ठेवलाय. होलिसने हजारदा वापरला असेल. मी बोटाने दाखवला. त्याने गळाची काठी काउंटरवर आडवी ठेवली, रिळातून हातभर तंगूस ओढला आणि त्याचं टोक चिमटीत धरायला लागला. हात इतके कापत होते की नेलकटर दोनदा हवेतच मिटला. मी हात पुढे केला, तर म्हणाला, “राहू दे. माझं मला करू दे.”

तेवढ्यात मी ते टोक पाहिलं. डुकराच्या शेपटीसारखा पीळ होता त्याला.

मासा सुटून गेला की तो का गेला ते तंगुसाचं टोक सांगतं. आमचं तळं धरणाचं आहे. खाली बुडालेलं जंगल आहे आणि झाडांचे खुंट अजून उभे आहेत. खुंटावर घासून तुटला तर तंगूस वीतभर खरबरीत होतो, हाताला लव लागते. नुसत्या जोराने तुटला तर टोक सरळ राहतं. आणि पीळ पडला असेल तर गाठ सुटली. पीळ म्हणजे माशाचा दोष नाही, पाण्याचा नाही, बांधणाऱ्याचा. अलाबामाच्या या कोपऱ्यात शाळेतल्या पोरींनाही हे ठाऊक असतं.

बाहेरच्या बाकावर नॅशव्हिलचा दाताचा डॉक्टर, केसलर, हेच मोठ्याने सांगत होता. त्या दिवशी होलिसने त्याला पैसे घेऊन आपल्या बोटीतून मासे पकडायला नेलं होतं. माझ्या दुकानासमोरच्या त्या बाकाला गावात लबाडांचा बाक म्हणतात. सकाळपासून चार-पाच म्हातारे तिथं उकडलेल्या शेंगा खात बसतात आणि न पकडलेल्या माशांची वजनं सांगतात. त्या दिवशी त्यांना आयतीच मेजवानी मिळाली. केसलर सांगत होता, अकरा पौंडांची बास माशाची मादी बोटीपाशी येऊन उलटली, पांढरं पोट दिसलं, आणि तंगूस ढिला पडला. “मी यांना विचारलं, ही गाठ कुणी बांधली? तर म्हणतात, मी. चौतीस वर्षं गाइडचं काम करणारा माणूस.” बाकावरच्या बफर्डने लगेच विचारलं की मग होलिसच्या बुटांची नाडी कोण बांधतं. सगळे हसले. दार उघडंच होतं, होलिसला सगळं ऐकू येत होतं.

तिसऱ्या वेळी नेलकटर बसला. पिळाचा तुकडा काउंटरवर पडला. होलिसने तो उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा मीच तो केराच्या बादलीत टाकला.

“झेल्माला मी खुंट म्हणून सांगणार आहे,” तो हळूच म्हणाला. “तिनं विचारलं तर तूही खुंटच सांग. तिची गाठ सुटत नाही, रूबी. तिला काहीतरी झालंय.”

आणि तो काठी घेऊन भराभर ट्रककडे गेला. बाकासमोरून जाताना त्याने मान खाली घातली नाही, एवढं मी पाहिलं.

झेल्मा त्याची बायको. ती जन्मात कधी मासे पकडायला गेली नाही, बास खातही नव्हती. चिखलाची चव लागते म्हणायची. अठ्ठावीस वर्षं ती गावातल्या मोज्यांच्या गिरणीत होती. मोज्याचा पंजा शिवून बंद करायचं काम तिचं. बारीक सुयांच्या चक्रावर एकेक टाका चढवायचा, दिवसभर, उभ्याने. शिवण उसवली की तो गठ्ठा परत यायचा, आणि त्यात शिवणाऱ्या बाईच्या नंबराची चिठ्ठी असायची. झेल्माचा नंबर एक्केचाळीस. अठ्ठावीस वर्षांत एक्केचाळीस नंबराचे तीन गठ्ठे परत आले होते, आणि ते कुठल्या साली आणि का, हे ती शेवटपर्यंत सांगू शकायची. त्यातल्या एका वेळी तिचा भाऊ वारला होता. तरी ती म्हणायची, “भाऊ वारला त्यात मोज्याचा काय दोष?” अशी ती. गिरणी बंद पडली, काम समुद्रापलीकडे गेलं, आणि झेल्माची बोटं घरी रिकामी बसली.

फार दिवस नाही बसली. होलिसला कंपवात झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं ते त्याच वर्षी. होलिसला बोट चालवता यायची, मासा कुठं आहे हे पाण्याच्या रंगावरून सांगता यायचं, पण गाठ बांधता येईना. आणि गाठ न बांधता येणारा गाइड म्हणजे मीठ न घालता येणारा आचारी, त्याला कोण बोलावणार? मग दोघांनी युक्ती काढली. रोज संध्याकाळी जेवणं उरकली की झेल्मा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बारा काठ्या तयार करायची. आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिशाचं वजन, निमुळतं टोक वर करून तंगुसात ओवायचं. मग गळ बांधायचा. मग प्लॅस्टिकचं गांडूळ घ्यायचं, त्याच्या डोक्यातून गळ आत घालून बाहेर काढायचा, फिरवायचा आणि टोक पुन्हा त्याच्या अंगात दडवायचं, म्हणजे ते गवतात अडकत नाही. उघड्या पाण्यासाठी वजन मोकळं ठेवायचं, सरकू द्यायचं. गवतात जायचं असेल तर वजनाच्या भोकात लाकडी टूथपिक ठोकून ते पक्कं करायचं, म्हणजे वजन आणि गांडूळ एकत्रच गवत फोडून खाली जातात. टूथपिकचं वर राहिलेलं टोक झेल्मा दातांनी तोडायची, इतकं सपाट, की बोट फिरवलं तर लाकूड कुठं संपलं आणि शिसं कुठं सुरू झालं कळायचं नाही.

बोटीवर गिऱ्हाइकाचा तंगूस तुटला की होलिस दुसरी काठी त्याच्या हातात द्यायचा. म्हणायचा, “गाठी बांधण्यात वेळ कशाला घालवायचा? तुम्ही मासे पकडायला आलायत.” गिऱ्हाइकं खूश. दुसरे गाइड अशी सरबराई करत नाहीत असं ती एकमेकांना सांगायची. सात वर्षं झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली. हे फक्त मला माहीत होतं, कारण टूथपिकच्या डब्या झेल्मा माझ्याकडून न्यायची आणि टिडवेलांकडे दात कोरायची सवय कुणालाच नव्हती.

आता जे सांगायचं ते सांगायला मला लाज वाटते. मार्चमध्ये झेल्मा दुकानात आली तेव्हा तिच्या हातातून डबी पडली आणि टूथपिक्स जमिनीवर पसरल्या. वेचताना तिच्या उजव्या हाताची बोटं लाकडाशेजारी नुसतीच फिरत होती, पकडत नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, एका सकाळी हात झोपेत अंगाखाली आल्यासारखा झाला, तो तसाच राहिलाय. बोटांना काही लागत नाही. मी म्हटलं डॉक्टरकडे जा. तिने माझं मनगट डाव्या हाताने धरलं आणि म्हणाली, “होलिसला बोलशील तर माझ्याशी गाठ आहे. दोघांचे हात गेले असं त्याला कळलं ना, तर तो बोट विकेल आणि ओसरीवर बसून मरेल. मला माहितीये त्याला.”

मी तोंडाला कुलूप लावलं. नंतर एकदा होलिसच्या काठीवर मी पाहिलं, टूथपिक वजनाच्या वर तांदळाएवढी राहिली होती, टोक चावल्यासारखं. मी पाहिलं आणि होलिसला सुट्टे पैसे परत दिले आणि हवापाण्याचं बोलले. एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोलले नाही, आणि आजवर हे मी कुणाला सांगितलेलंही नाही.

केसलरचा मासा सुटला त्या दिवशी होलिस घरी पोचला तेव्हा झेल्मा टेबलाशीच होती. दुसऱ्या दिवशीच्या काठ्या ती दुपारीच करायला बसली होती, कारण हल्ली तिला संध्याकाळ पुरत नव्हती. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओघळलेलं, आणि डाव्या हाताने ती वजनाच्या भोकात तंगूस घालायचा प्रयत्न करत होती. होलिस हाक मारतोय हे तिला कळत होतं, पण बोलता येत नव्हतं. ॲम्ब्युलन्स तिला हंट्सव्हिलला घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं की आधी काही लक्षणं दिसली होती का. होलिस म्हणाला, नाही. खरंच सांगत होता तो.

तीन आठवड्यांनी तिला घरी आणलं. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड, पण डोकं पहिल्यासारखंच तल्लख. तोवर केसलरची गोष्ट तळ्याच्या दोन्ही काठांना पोचली होती. मरीनावाल्यांनी, म्हणजे बोटींच्या धक्क्यावाल्यांनी, होलिसचं नाव गाइडांच्या पाटीवरून काढलं नाही, फक्त कुणी विचारलं तर दुसऱ्याचं नाव सांगायला लागले. मे महिन्यात त्याला दोन गिऱ्हाइकं मिळाली, पुढे तीही नाहीत. एकदा बफर्ड म्हणाला, म्हाताऱ्याने वेळेवर थांबायला हवं होतं. मी त्याच्या हातातली शेंगांची पिशवी काढून घेतली आणि त्याला दुसरीकडे बसायला सांगितलं. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. मला ओरडून सांगावंसं वाटलं की ती गाठ त्याची नव्हतीच. पण ते सांगणं म्हणजे झेल्माला बाकावर आणून बसवणं.

झेल्मा जूनच्या शेवटी गेली. मला सांगायचंय ते त्याच्या दहा-बारा दिवस आधीचं.

त्या आठवड्यात चर्चमधल्या मिसेस प्रूइट तिला भेटायला गेल्या होत्या. उचलली जीभ लावली टाळ्याला असा त्या बाईंचा स्वभाव. कोंबडीच्या कालवणाचं भांडं ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, होलिसच्या हातून अकरा पौंडांची बास गेल्यापासून गावात काय काय बोलतात, गाठच सुटली म्हणे. हे मला होलिसने फोनवर सांगितलं आणि म्हणाला, तू ये. मी भोपळ्याची भाजी घेऊन गेले.

तिची खाट बाहेरच्या खोलीत, खिडकीशी ठेवली होती. होलिस दारापलीकडे, स्वयंपाकघरातल्या शेगडीपाशी, मक्याची लापशी ढवळत होता. मी बसताच तिने विचारलं. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता तिला.

“रूबी. तू टोक पाहिलंस?”

“पाहिलं.”

“पीळ होता?”

ढवळण्याचा आवाज थांबला. मी चाळीस वर्षं चर्चला जाते, आणि तिच्या डोळ्यांत बघून मी म्हटलं, “छे गं. खुंटाने कापलं. जुन्या रस्त्याजवळचे खुंट माहितीयेत ना तुला.”

ती म्हणाली, “काठी आण.”

मी होलिसकडे पाहिलं. त्याने शेगडी बारीक केली आणि स्वतःच कोपऱ्यातून ती काठी आणली. मला वाटतं त्याला जरा बरंच वाटलं असावं. पुरावा त्याच्याकडे होता. पीळ त्याने कधीच कापून टाकला होता. त्याने तंगूस मोकळा करून तिच्या डाव्या हातात दिला.

झेल्माने तो दोन बोटांत धरला आणि टोकाकडे हळूहळू सरकवत नेला. कुठे खरबरीत लागतंय का ते ती बघत होती. वीतभर मागे गेली, पुन्हा पुढे आली. सगळा तंगूस गुळगुळीत होता. मग तिने टोक खालच्या ओठाला लावलं. गिरणीतल्या बाया धाग्याचं टोक तसंच पाहतात. बोटं फसतात, ओठ फसत नाही. टोक सपाट होतं, नेलकटरने एका फटक्यात कापलेलं. पाण्यातल्या कुठल्याच खुंटाने असं टोक आजवर केलेलं नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं, बावीस वर्षं गळ विकते मी. होलिसलाही सुचायला हवं होतं. खोटं बोलायचं तर वीतभर तंगूस दगडावर घासून आणायला हवा होता, आणि आम्हा दोघांपैकी एकाच्याही ते डोक्यात आलं नाही.

तिने टोक ओठावरून काढलं. होलिस खाटेपाशी लापशीची वाटी घेऊन उभा होता, वाटीत चमचा खुळखुळत होता. ती त्याच्या हातांकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही, कारण तंगूस तिने सोडला नव्हता.

“भारी धारदार,” ती म्हणाली. मग दम घेतला. “भारी धारदार खुंट होता, होलिस.”

“हो,” तो म्हणाला. “त्या बाजूला तसेच आहेत सगळे.”

“माशाचा काही दोष नाही.”

“नाही. कुणाचाच नाही.”

मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांच्या अंगणात बोट ताडपत्री घालून ठेवली होती, ताडपत्रीवर पाइनच्या काड्या साचल्या होत्या. मला तिथून निघून जायचं होतं, आणि उठवतही नव्हतं.

होलिस खाटेच्या कडेवर बसला. त्याने चमचा भरला. वाटीतून निघेपर्यंत अर्धी लापशी वाटीत परत पडली, राहिलेल्यातली थोडी चादरीवर सांडली. मी पुढे होणार होते, पण झेल्माने डोळ्यांनीच मला बसवलं. चमचा तिच्या ओठांपर्यंत यायला फार वेळ लागत होता. ती तोंड उघडून थांबली.