हरकती : निरंक

मित्रांनो, मी पत्र्याची एक पेटी आहे. आता अंगाला गंज चढलाय, कुलूपही कुठे गेलं कोण जाणे, पण कपाळावरची पांढरी अक्षरं अजून वाचता येतात : 'हरकती व सूचना'.

पावणे गावातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पोपट नावाच्या कारागिराने मला घडवलं. पत्रा उरलासुरला होता, पण त्याचा हात मोठा सफाईदार. रंग वाळल्यावर त्याने मला फडक्याने पुसलं आणि नव्या शहरातल्या एका विभाग कार्यालयात, जिन्याजवळच्या भिंतीवर ठोकलं. तेव्हा मी नव्या नवरीसारखी मिरवत होते. ही गोष्ट १९९६ सालची.

माझं काम काय, ते सांगते. एखाद्या रस्त्यावर गाड्या थांबवायला बंदी घालायची, तर साहेबांच्या मनात आलं आणि फलक लावला, असं करता येत नाही. आधी पाहणी होते, मग प्रस्ताव, मग पेपरात आणि भिंतीवर नोटीस. त्यानंतर तीस दिवस लोकांनी आपली हरकत लिहून माझ्यात टाकायची. ती वाचून मगच निर्णय. म्हणजे सरकार आणि माणसं यांच्या मधोमध मी! केवढा मान, असं मला वाटायचं.

त्या वर्षी ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून असलेल्या एका गावाच्या नाक्याबद्दल नोटीस निघाली. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या तिथे तुंबायच्या, म्हणून सहा ते अकरा कोणतंही वाहन थांबवायला मनाई. कारण काही खोटं नव्हतं. पण सकाळी सातच्या सुमाराला धक्क्यावरून मासळीचा टेम्पो त्याच नाक्यावर यायचा आणि गावच्या बायका तिथेच आपापल्या पाट्या उतरवून घ्यायच्या.

मुदतीच्या बाराव्या दिवशी गाव आलं. अकरा माणसं जिन्याजवळ खाली बसली. गावकीची रीत अशी, की बोलायचं एकाने आणि मान हलवायची सगळ्यांनी. बोलले गोटीराम. पांढऱ्या मिशांचे, पूर्वीचे भातशेतीवाले. त्यांची बायको भागीरथी त्या टेम्पोवरचीच मासळी विकायची.

"सायेब, टेम्पो नाक्यावर थांबला नाय, त तो रस्त्याच्या पल्याड नाल्यापाशी थांबंल," गोटीराम म्हणाले. "बायांनी डोक्यावर पाटी घेऊन डंपरच्या मधून यायचा काय? कुनाचा तरी जीव जाईल. आमची हरकत हाय."

"होय, हाय," दहाजण एका सुरात म्हणाले.

टेबलामागे मधुकरराव होते. देशावरून आलेले, सेक्टरातल्या फ्लॅटमध्ये राहणारे, सरळमार्गी कारकून. त्यांनी सगळं नीट ऐकलं. "बाबा, तुमचं पटतंय मला. पण तोंडी हरकत चालत नाही, रूल आहे. लिहून आणा, खाली अंगठा द्या आणि पेटीत टाका."

अंगठ्याचं नाव निघताच सगळ्यांनी गोटीरामांकडे पाहिलं.

"अंगठा एकदा दिलाय," गोटीराम सावकाश म्हणाले. "तवा या शहरासाठी शेती गेली. गावानं देवळात शपथ घेतलीय, सरकारी कागदाला परत अंगठा नाय. तोंडानं सांगितला ना? गाव खोटा बोलत नाय."

सगळे उठून गेले. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान होतं. त्यांच्या लेखी हरकत नोंदली गेली होती. अहो, माझ्यासमोर ते बोलले होते! मी शब्द न् शब्द ऐकला होता. पण पत्र्याच्या पेटीला ऐकून काय उपयोग? तिने तोंडाने सांगायचं कुणाला?

तीस दिवस भरले. मधुकररावांनी कुलूप काढून मला उलटं केलं, हलवलं. बसचं एक तिकीट आणि शेंगदाण्याची टरफलं पडली. त्यांनी टरफलं झाडून टाकली. मग फायलीत लिहिलं, 'हरकती : निरंक'. मला तेव्हा इतकी लाज वाटली, की काय सांगू!

अधिसूचना निघाली, नाक्यावर फलक लागला. टेम्पो नाल्यापाशी थांबू लागला. पाचव्या आठवड्यात, सकाळी सात वाजता, भागीरथीबाई पाटी घेऊन रस्ता ओलांडताना डंपरखाली गेल्या.

तेराव्यानंतर गोटीराम एकटेच आले. डोकं भादरलेलं, मिशा नव्हत्या. मधुकरराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

"शाई द्या, सायेब."

"बाबा, आता..."

"शाई द्या."

त्यांनी खिशातून एक कोरा कागद काढला आणि खाली अंगठा उमटवला. "मला लिवता येत नाय. वर काय लिवायचा त्या तुमी लिवा. गावाची शपथ मी मोडली, देव बघून घेईल." मग त्यांनी तो कागद माझ्या फटीत सरकवला. माझ्यात पडलेली ती पहिली हरकत. आणि शेवटचीही.

मधुकररावांनी तेव्हाच मला उघडलं. खिशातलं पेन काढलं आणि गोटीराम जिन्याजवळ बसून जे बोलले होते ते सगळं, एकही शब्द न गाळता, अंगठ्याच्या वर लिहून काढलं. म्हणजे त्यांना सगळं पाठ होतं. कागद वरच्या साहेबांकडे गेला आणि आठवड्याने शेरा घेऊन परत आला : 'मुदतीनंतर प्राप्त, सबब दप्तरी दाखल.' म्हणजे कपाटात बंद.

पुढे ऑफिसात फायबरची नवी पेटी आली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. त्याचं मला दुःख नाही. मुलांनो, तुम्ही शिकून मोठे व्हाल, टेबलामागे बसाल. समोर कुणी जिवाच्या आकांताने सांगू लागलं, तर त्याला कागद आणायला पाठवू नका. तुम्हीच लिहून घ्या, त्याला वाचून दाखवा, कशावर अंगठा मागताय तेही समजावून सांगा. भिंतीवर माझ्यासमोरच घड्याळ होतं. मधुकररावांना ती हरकत लिहायला सात मिनिटं लागली.