शेंड्याची पिवळी पानं

विधीची टोमॅटोची रोपं पिवळी पडायला लागली ती नेमकी सोलरवाला गच्ची मोजून गेल्यावर. जळगावात त्यांच्या गल्लीतल्या निम्म्या घरांवर एव्हाना पॅनल चढली होती, आणि तिचे सासरे अभयकुमार मागे राहणाऱ्यांतले नव्हते. दक्षिणेची बाजू पूर्ण मोकळी मिळाली तर दोन पॅनल जास्त बसतील, असं सोलरवाल्याचं म्हणणं. दक्षिणेलाच विधीचे डबे होते. रंगाचे रिकामे बारा डबे, तळाला भोकं पाडलेले.

अभयकुमार वाईट माणूस नव्हते. डाळ मिलमध्ये चाळीस वर्षं माल पारखून त्यांना दिसेल त्या गोष्टीचा निकाल लावायची सवय जडली होती, एवढंच.

"चांगली वाढली तर राहू देत," ते म्हणाले. "पण मरायला टेकलेल्या झाडांसाठी जागा अडवायची, हे मला पटत नाही. सोमवारी माणसं येणार. तोवर बघ."

बघायला विधीकडे रोजचा पाऊण तास होता. दीड वर्षाची चेलना दुपारी झोपली की ती गच्चीवर जाई. उरलेला दिवस कोणाचा ना कोणाचा असे आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. मुलीच्या हातापायांना तेल चोळताना, तिचा भात मऊ करताना विधीला दुसरं काही हवंसं वाटत नसे. पण गच्चीवर ती कोणाची सून नव्हती की कोणाची आई. तिथे ती फक्त रोपं बघत उभी असायची. हा पाऊण तास गेला तर तो पुन्हा कुठून काढायचा, ते तिला ठाऊक नव्हतं.

"बियाण्याच्या दुकानात वाढेल पोर ना तुम्ही?" कपडे वाळत घालायला आलेल्या, घरकाम करणाऱ्या मंजुळाबाईने सगळ्या डब्यांवरून नजर फिरवली. "बठ्ठं पिवळं पडी गयं ना व माय!"

विधीच्या वडिलांचं भडगावला बियाण्याचं दुकान होतं खरं. म्हणून तर टोमणा बरोबर लागला.

आधी तिला वाटलं, पाणी जास्त होतंय. तिने प्रत्येक भोकात काडी घालून पाहिली, भोकं मोकळी होती. दोन दिवस पाणी तोडलं, तरी माती दमटच. दिवाळीनंतरचं दव असेल, असं ती धरून चालली. मग एकेक पान उलटं करून पांढरी माशी शोधली. माशी नव्हती, आणि नव्हती तेच बरं, कारण असती तरी या जैन घराच्या गच्चीवर फवारणीची बाटली चढली नसती. नवऱ्याने, अर्पितने, मिलच्या ड्रायव्हरकडून मूठभर युरिया आणून दिला. तो तिने दोन डब्यांत घातला. ते दोन डबे बाकीच्या दहांसारखेच पिवळे राहिले.

शुक्रवारी चेलनाला डोस द्यायला नेलं, तेव्हा येताना विधी मेहरुनच्या नर्सरीत थांबली. मेहरुन आणि तिचा नवरा हनीफ रोपं विकत. हनीफ गाडी घेऊन गावोगाव फिरे आणि मेहरुन बसल्या जागी झाडांची दुखणी ऐके. विधीने डायपरच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेली फांदी काढली.

"बाळाला सुई टोचली आणि औषध झाडाचं विचारता का भाभी?" मेहरुन हसली. मग तिने फांदी उन्हात धरली. "खालची पानं कशी आहेत?"

"हिरवीगार."

"मग युरिया कशाला घातला? जेवून उठलेल्याला पुन्हा ताट वाढलं तुम्ही. झाड उपाशी असलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी करतं, त्यांच्यातलं काढून शेंड्याला देतं. तुमचा तर शेंडाच पिवळा. आणि हे बघा, शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. लोह कमी पडतंय. मातीत असेल, पण मुळांना उचलता येत नाही. चुना घातला? राख?"

"काहीच नाही. बोअरचं पाणी, बस."

"मग पाणी तपासा. कागदाला ओली हळद चोळा, वाळू द्या, वर थेंब टाका. लाल झाला तर पाण्यात खार आहे." तिने पुडीत थोडं लोहाचं खत बांधून दिलं. "हे चिमूटभर द्या. पण आधी कारण थांबवा, नाहीतर खत वाया. आणि पिवळं झालेलं पान फारसं सुधारत नाही. नवं येईल ते बघा. आठ-दहा दिवस तरी."

सोमवार तीन दिवसांवर होता.

शनिवारी दुपारी विधीने गच्चीवरच थेंब टाकला. हळद पिवळीच राहिली. बोअर निर्दोष. तिने कागद कठड्यावर दगडाखाली ठेवला आणि चेलना उठली म्हणून खाली धावली.

संध्याकाळी ती कधी वर जात नसे. सूर्य मावळायच्या आत घरातली जेवणं उरकायची, त्यात चेलनाला भरवायचं. पण त्या दिवशी दोरीवर दुपटी राहिली होती. ती मुलीला कडेवर घेऊन वर आली तर सासू, तारादेवी, लोट्याने डब्यांत पाणी घालत होत्या. एका डब्याला एक लोटा, कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही.

ते धोवणाचं पाणी होतं. चातुर्मासाला चार साध्वीजी जवळच्या जैन स्थानकात उतरल्या होत्या. कच्च्या पाण्यात जीव असतात म्हणून त्या ते घेत नाहीत. राखेने घासलेली भांडी धुवायची, ते पाणी निवळायचं, गाळायचं, मग ते त्यांना चालतं. तारादेवी रोज घागरभर तयार ठेवत. साध्वीजी कधी येत, कधी दुसऱ्या घरी जात. राख मात्र तारादेवींचा हात सढळ असल्याने भरपूर पडे, तीही कपाशीच्या पऱ्हाट्यांची, जामनेरकडून मुद्दाम मागवलेली.

"उरलेलं गटारीत ओतायचं जिवावर येतं," त्या म्हणाल्या. "तू दोन दिवस यांना पाणीच दिलं नाहीस. म्हटलं, बाळाच्या मागे विसरली असेल."

"रोज घालता, मम्मी?"

"पाऊस थांबला तेव्हापासून."

म्हणजे राख या लोट्यातून जात होती. पण ते सांगितलं तर काय होईल ते विधीला दिसत होतं. तारादेवी चालताना मुंगी पाहून पाय उचलणाऱ्या. त्यांना साखरेचा आजार. बारा रोपांचं पाप ऐकून त्यांनी उपवास धरला असता आणि मग घरभर धावपळ. उद्यापासून घागर आपणच खाली कोरड्या जागी नेऊन ओतू, असं तिने मनाशी ठरवलं.

तेवढ्यात तारादेवींनी दगडाखालचा कागद उचलला. "हळद कशाला आणलीस वर?"

त्यांच्या ओल्या बोटांचे तीन लाल ठसे कागदावर उमटले. त्यांनी ते पाहिले, मग घागरीकडे पाहिलं. पन्नास वर्षं स्वयंपाकघरात गेलेल्या बाईला हळद लाल का होते ते सांगावं लागत नाही.

"राखेने?"

विधीने मान डोलावली.

"मरतील?"

"नाही. थांबलं तर सुधारतील. मेहरुनभाभी म्हणाल्या, दहा दिवस."

तारादेवींनी घागर खाली ठेवली. प्रत्येक डब्यापुढे हात जोडून त्या "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत गेल्या, एकेका रोपाची क्षमा मागत. चेलनानेही हात जोडले आणि तिसऱ्या डब्यापाशी तिला हसू फुटलं. तारादेवी हसल्या नाहीत.

"उद्या एकासणं करते," त्या म्हणाल्या. "एकदा जेवणार आहे, उपाशी नाही. डोळे वटारू नकोस."

रविवारी विधीने डब्यांतून बोअरचं पाणी सोडून खार धुऊन काढला आणि लोहाची चिमूट दिली. रोपं होती तशीच पिवळी दिसत होती. सोमवारी अभयकुमार चहाला बसता बसता म्हणाले, "काय ठरलं मग? मला तर काही फरक दिसत नाही."

"दहा दिवसांनी दिसेल," तारादेवी म्हणाल्या.

"माणसं दहा वाजता येणार आहेत."

"येऊ देत. दोन कमी बसवायला सांगा."

"का? सुनेचं मन राखायला?"

"माझ्या हाताने आजारी पडलीत ती. बरी होईपर्यंत तिथून हलणार नाहीत. आणि बरी झाल्यावर तर काढायचं कारणच नाही, तुम्हीच म्हणाला होतात."

अभयकुमारांनी बायकोकडे पाहिलं, मग चहात खाकरा बुडवला. जरा वेळाने त्यांनी फोन उचलून सोलरवाल्याला दक्षिणेचा कोपरा सोडायला सांगितलं.

दुपारी चेलना झोपल्यावर विधी वर गेली. माणसं जेवायला उतरली होती. ड्रिलची वायर डब्यांपासून चार हात लांब थांबली होती आणि मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर तारादेवी बसल्या होत्या. सकाळपासून तिथेच होत्या. आपण आलो म्हणजे त्या उठतील, असं विधीला वाटलं, पण त्या उठल्या नाहीत.

"नवं पान कुठून येतं?" त्यांनी विचारलं. "मला दाखवून ठेव."

विधी वाकली आणि शेंड्याची दोन पानं बोटाने बाजूला केली.