हशाच्या चार जागा

हॉरी पेंडलबरीचा गळा मी केसाने कापला. मेलबर्नमध्ये अजूनही काही माणसं मला रस्त्यात थांबवून म्हणतात, नेव्ह, हॉरी गेल्यावर तू होतास म्हणून तो कार्यक्रम तरला. मी मान हलवतो, त्यांच्या घरच्यांची चौकशी करतो आणि सटकतो. आता वयही झालंय. काय ते एकदा सांगून टाकतो.

‘शनिवारी सगळे’ हा आमचा कार्यक्रम सत्तावन्न साली सुरू झाला, तेव्हा शहरात टीव्ही येऊन जेमतेम वर्ष होत होतं. गाणी, नाच, जादूगार, शिकवलेली कुत्री, आणि मधूनमधून हॉरी आणि मी. कॉलिंगवुडमधल्या मोज्यांच्या एका जुन्या कारखान्यात आमचा स्टुडिओ होता. सगळं थेट जायचं, त्यामुळे चुकलं की ते चुकलेलंच घरोघरी दिसायचं. हॉरीने त्याआधी तीस वर्षं गावोगावच्या नाट्यगृहांमधून लोकांना हसवलं होतं. मी रेडिओवर मेंढ्यांचे बाजारभाव वाचत होतो. त्याने कुठेतरी माझा आवाज ऐकला आणि म्हणाला, इतक्या गंभीरपणे मेंढ्यांबद्दल बोलणारा माणूस मला समोर उभा हवा. झालं. तेव्हापासून मी प्रश्न विचारायचे आणि हशा हॉरीने घ्यायचा, अशी आमची वाटणी होती. आठ वर्षं ती सुखाने चालली, निदान हॉरीच्या बाजूने तरी.

आमच्याकडे एक अलिखित नियम होता. शनिवारी दुपारी चार वाजता पूर्ण तालीम व्हायची आणि नवीन काही असेल तर ते कॅमेरावाल्यांच्या हसण्यावर ठरायचं. ते तिघे आणि माइकची लांब काठी धरणारे दोघे, या पाच जणांनी सगळं पाहिलेलं होतं. त्यांना कशाचंच कौतुक नव्हतं. हॉरी म्हणायचा, प्रेक्षक हे पाहुणे, पाहुणे वाढलेलं गोड मानून घेतात. पण मर्व हसला तर ते सोन्यासारखं खरं. मर्व म्हणजे आमचा मुख्य कॅमेरावाला, तोंडाने हसायचाच नाही. त्याचे खांदे हलले की समजायचं. पाच जणांनी शिष्टाचार म्हणून हसायचं नाही, अगदी मालकाची बायको गायली तरी नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर आमचं गाडं कधी रुतलं नाही.

पासष्टच्या ऑक्टोबरात, एका बुधवारी, आमचा निर्माता डोइग याने मला जिन्यात गाठलं. दुसऱ्या वाहिनीने शनिवारी तरुण पोरांचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला होता आणि आमचा प्रेक्षक तिकडे वळत होता. मालक मंडळी सोमवारी पुढच्या वर्षाचे करार ठरवणार होती. हॉरी एकसष्टचा झाला होता. या शनिवारी त्याला एकट्याला आठ मिनिटं दिली होती. ती रंगली तर तो राहणार होता. नाहीतर, डोइग जिन्याच्या कठड्यावर बोटं वाजवत म्हणाला, तू तयार असशीलच.

मी म्हणायला हवं होतं की हॉरीशिवाय मी करणार नाही. मी म्हणालो, बघू. आणि खाली उतरताना माझे पाय हलके झाले होते, हे मला अजून आठवतं.

हॉरीला पणाला काय लागलंय ते माहीत होतं. त्याच्याकडे दोन प्रवेश होते. एक जुना, बागेतल्या पाण्याच्या नळीचा. पाणी घालून झाल्यावर नळी गुंडाळायला निघालेला माणूस आणि शेवटी त्या नळीनेच गुंडाळलेला माणूस. शेकडो वेळा केलेला, पण कुठेही केला तरी हशा वसूल. दुसरा नवा, स्वतः लिहिलेला. ट्रामचा म्हातारा कंडक्टर नोकरीच्या शेवटच्या दिवशी रिकाम्या ट्राममध्ये जुन्या उतारूंना तिकिटं देतोय, त्यांच्याशी बोलतोय, असा. त्याने तो गुरुवारी मला माझ्या खोलीत करून दाखवला. त्याचा बाप ट्रामवर होता. करता करता त्याचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं आणि हसू एकदाही आलं नाही. शनिवारी पाय वर करून बसलेल्या लोकांना तो काय कपाळ हसवणार होता.

त्याने विचारलं, कुठला करू? एक शब्द पुरला असता. नळीचा. मी म्हणालो, चार वाजता दोन्ही कर, मर्वला ठरवू दे.

इथवर माझं काही चुकलं नव्हतं. नियमच होता तो. मर्वचे खांदे नळीच्या प्रवेशाला हलले असते, ट्रामच्या प्रवेशाला ढिम्म राहिले असते आणि हॉरी वाचला असता.

शनिवारी दुपारी दोन वाजता मी बीअरच्या चोवीस बाटल्यांचा खोका घेऊन कॅमेरावाल्यांच्या खोलीत गेलो. त्या काळी पब सहाला बंद व्हायचे आणि आमची तालीम साडेपाचपर्यंत चालायची, त्यामुळे शनिवारी त्या बिचाऱ्यांच्या घशाला कोरड ठरलेली. खोका कोपऱ्यात ठेवला आणि म्हणालो, हॉरी खचलाय, ट्रामवर त्याचा फार जीव आहे, आज त्याला जरा धीर द्या.

मर्व सँडविच खात होता. त्याने ते खाली ठेवलं. “आपण हे करत नाही, नेव्ह.”

“एकदाच. त्याच्यासाठी.”

“संध्याकाळी लोक नाही हसले तर?”

“तालमीत धीर आला की संध्याकाळी चांगलं होतं. मी ओळखतो ना त्याला.”

मर्वने सँडविच पुन्हा कागदात गुंडाळलं. हॉरीवर त्याचाही जीव होता. मर्वच्या मुलीच्या लग्नात हॉरी तीन तास फुकट लोकांना हसवत बसला होता. शेवटी मर्व म्हणाला, “कुठे हसायचं ते सांग. आम्हाला त्यात काही सापडायचं नाही.”

मी चार जागा सांगितल्या. कंडक्टर हवेतल्या बाईला तिकीट देतो ती. सुटे पैसे नसल्याबद्दल मेलेल्या पाद्र्याला झापतो ती. ब्रेक लागल्यावर एकटाच झोकांडी खातो ती. आणि शेवटी स्वतःचंच तिकीट फाडतो ती.

हे मी दयेपोटी केलं, असं त्या दिवशी मी स्वतःला दहा वेळा सांगितलं. साफ खोटं. मला हॉरीचं काम हवं होतं. आठ वर्षं प्रश्न विचारून मी कंटाळलो होतो. आपण प्रश्न विचारायचा आणि लोकांनी दुसऱ्याकडे बघून हसायचं, याने माणूस आतून कुजतो. पण हे मी तेव्हा कबूल केलं असतं तर पाऊल उचललं नसतं, म्हणून दयेची टोपी घालून गेलो.

चार वाजता हॉरीने आधी नळी गुंडाळली. मर्वचे खांदे थोडे हलले. मग ट्राम. पहिल्या जागेला पाचही जण एकदम हसले. हॉरी दचकला. आठ वर्षांत त्याने त्या अंधारातून तसा आवाज ऐकला नव्हता. तिसऱ्या जागेला काठीवाल्याने काठी हलवून दाखवली, तेवढं मी सांगितलं नव्हतं. शेवटचं तिकीट फाडून हॉरी मंचावरून खाली आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, ऐकलंस ना? मी म्हणालो, ऐकलं.

संध्याकाळी बॅलरॅटहून बसने आलेल्या दोनशे बायका-पुरुष समोर होते. सगळे हसायला आलेले, चांगली माणसं. हॉरीने हवेतल्या बाईला तिकीट दिलं. कोणी हसलं नाही. तो जागेपुरता थांबला, कारण दुपारी तिथे हशा होता. त्या थांबण्याने सगळं आणखी बिघडलं. लोकांना वाटलं, तो वाक्य विसरला. पाद्र्याच्या जागेला तो पुन्हा थांबला. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला हळूच काहीतरी म्हणाली आणि ते माइकवर ऐकू गेलं. झोकांडीनंतर हॉरीने मर्वच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मर्वने डोळा काचेवरून काढला नाही. मी पडद्याआड उभा होतो. मी मध्येच शिरून एखादा वेडगळ प्रश्न विचारला असता, ट्राम कुठे जाते हो, एवढंच, तर हॉरीने तिथून शंभर हशे काढले असते. आमचं सगळं पोट त्यावरच भरलं होतं. मी हललो नाही.

त्याने तिकीट फाडलं आणि लगेच जाहिरात होती. एका पोरीने नव्या फ्रिजचं दार उघडलं. आतला दिवा लागला आणि लोकांनी फ्रिजला टाळ्या वाजवल्या.

कपडे बदलायच्या खोलीत तो आरशासमोर बसला होता. मला वाटलं, चिडेल, मर्वच्या नावाने ओरडेल, त्यातून सगळं बाहेर येईल. मी त्याला तयार होतो, किंवा तसं मला वाटत होतं. तो शांतपणे म्हणाला, “मर्वला कळलं आणि लोकांना नाही कळलं. म्हणजे प्रवेशात खोट नाही. लोकच बदलले, लेका. ते मला आता ओळखू येत नाहीत. ओळखू येत नाहीत त्यांना हसवायचं कसं?”

“एका दिवसावरून काय ठरवतोस?”

“दिवस नाही बघत मी. मर्वकडे बघतो.”

सोमवारी मालक बसायच्या आधीच त्याने राजीनामा दिला. डोइगला त्याने सांगितलं की माझ्या मागे नेव्हला घ्या, त्याच्याइतकं माझं भलं कोणी चिंतलं नाही. हे मला डोइगनेच सांगितलं, पाठीवर थाप मारून. खोलीवर आलो तर दाराशी बीअरचा खोका होता. चोवीसच्या चोवीस बाटल्या जशाच्या तशा. मर्व पुढे सहा वर्षं माझ्यावर कॅमेरा रोखून उभा राहिला, कामापुरतं बोलला, आणि त्याचे खांदे एकदाही हलले नाहीत. मी आपला पाहुण्यांच्या हसण्यावर जगलो.

हॉरीने पुन्हा मंचावर पाय ठेवला नाही. बोलावणी आली. नळीचा प्रवेश करा म्हणून एका क्लबवाल्याने हातापाया पडून सांगितलं. तो नाही म्हणाला. तो आणि त्याची बायको डल्सी खाडीच्या काठी रोजबडला राहायला गेले.

एकाहत्तर साली कार्यक्रम बंद पडला. पुढच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी गाडी काढली आणि रोजबडला गेलो. सहा वर्षं नाताळचं कार्ड पाठवण्यापलीकडे मी गेलो नव्हतो. वाटेत मोठ्याने बोलून वाक्यं पाठ केली. सांगायचं, शिव्या खायच्या आणि मोकळं व्हायचं, एवढाच बेत होता.

फाटकाशी डल्सी टोमॅटोला पाणी घालत होती. तिने नळ बंद केला, पण फाटक उघडलं नाही. “सांगायला आलायस का?”

मी मान हलवली. डल्सी लग्नाआधी वीस वर्षं नाचणाऱ्यांच्या रांगेत होती. तिच्यापासून काय लपणार.

“तो घरी आला त्याच रात्री मला कळलं,” ती म्हणाली. “म्हणाला, पाचही जण एकदम हसले. मनापासून हसणारी माणसं एकदम हसतात का रे? एक आधी हसतो, एकाला उशिरा कळतं. एकदम हसले म्हणजे कोणीतरी सांगितलेलं होतं. आणि सांगणारा घरचाच असणार.”

“तुम्ही त्याला बोलला नाहीत?”

“काय बोलू? इथे जो येतो त्याला तो तीच गोष्ट सांगतो. पोस्टमनला, डॉक्टरला, मासे विकणाऱ्याला. त्या दिवशी चार वाजता मर्व हसला. सगळं आयुष्य गेलं त्यातून एवढं एक त्याने उराशी धरलंय. ते काढून घ्यायचं आणि तू हलका होऊन घरी जायचं?”

मी म्हणालो, मला झोप लागत नाही.

“नको लागू दे,” डल्सी म्हणाली. “मला सांगून झालं, पुरे झालं. आत ये, पण ते सांगायचं दाराशी ठेवून ये.”

हॉरी वाळला होता, पण मला पाहून खुर्चीतून उठला आणि दोन्ही हातांनी माझे खांदे धरले. कार्यक्रम बंद पडल्याचं त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. चांगलं चालवलंस हो, म्हणाला. डल्सीने चहा आणि खोबऱ्यात घोळवलेले केकचे तुकडे आणून ठेवले. अर्ध्या कपातच तो मर्वच्या गोष्टीवर आला. मग म्हणाला, तू तर तिथेच होतास, थांब, दाखवतोच. त्याने छोटं टेबल भिंतीला लावलं, गालिचाच्या मधोमध उभा राहिला आणि गळ्यात पट्टा अडकवल्यासारखा हात केला.

डल्सी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

त्याने हवेतल्या बाईला तिकीट दिलं. मी हसलो. मला येतं तेवढं चांगलं हसलो, आधी थोडा आणि मग उशिरा कळल्यासारखा.

हॉरी थांबला. त्याचे कान लाल झाले. माझ्याकडे बोट दाखवून तो डल्सीला म्हणाला, “बघ, अगदी इथेच हसले होते ते. अगदी याच जागेला.”

“हो,” मी म्हणालो. “हसूच येतं तिथे.”

तो खूश होऊन पाद्र्याकडे वळला, आणि मी दुसऱ्या जागेची वाट बघत बसलो.